विचारपूस की चौकशी? ‘कुठं चालली वं?’ या प्रश्नाचा अर्थ

पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. मी विचारलं, “काकू, बाजारात चालल्या का?” त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “हो. का गं? तुला काही आणायचंय का?”

मला काहीच आणायचं नव्हतं. मी नागपूरच्या सक्करदऱ्यात वाढले. आमच्या गल्लीत पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला “बाजारात का?” असं न विचारता पुढं जाणं म्हणजे तोंड फिरवणं. मी काकूंना नमस्कार केला होता. त्यांना तो प्रश्न वाटला आणि त्यांनी चांगल्या मनानं त्याचं उत्तर दिलं.

असे गोंधळ रोज होतात. नागपूरहून पुण्या-मुंबईला गेलेली पोरं सांगतात, “तिथं कोणी बोलतच नाही.” बदलीवर नागपूरला आलेले सांगतात, “इथं पानठेल्यावरचा माणूसही विचारतो, कुठून आलात, कोणाकडं उतरलात.” दोघांचे अनुभव खरे असतात. त्यावरून एकमेकांच्या स्वभावाचा निकाल लावतात, तिथं चुकतं. हे का घडतं, हे भाषेचा आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी चांगलं उलगडून दाखवलं आहे.

उत्तर नको असलेला प्रश्न

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथल्या लोकांचं बोलणं ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की माणसं जे बोलतात त्यातला मोठा भाग काही सांगण्यासाठी नसतोच. तब्येतीची विचारणा, हवेबद्दलचं एखादं वाक्य, डोळ्यांना स्वच्छ दिसत असलेली गोष्ट पुन्हा बोलून दाखवणं. अशा बोलण्याला त्यांनी १९२३ मध्ये ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. माहिती देण्या-घेण्यासाठी नव्हे, फक्त नातं जागतं ठेवण्यासाठी केलेलं बोलणं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं याला फार चांगला शब्द आधीपासून आहे, विचारपूस. पुढं मी तोच वापरते.

मिस कॉल आठवून पाहा. गाडी गावी पोहोचली की पोरगा घरी एक मिस कॉल द्यायचा. फोन कोणी उचलायचा नाही, उचलला तर उलट रागवायचे. त्या दोन रिंगांमध्ये शब्द एकही नसायचा, तरी आईला हवं ते कळायचं. “काय म्हणते?” हा तसाच मिस कॉल आहे. आपण काय म्हणतो हे ऐकायला समोरचा थांबलेला नसतो. तू दिसलीस, तुझं-माझं बरं चाललंय, एवढंच त्याला कळवायचं असतं. त्यावर कोणी खरोखर गुडघेदुखीची हकिगत सुरू केली तर आपण गांगरतो, ते यामुळेच.

एकच विचारपूस, गावोगावची रूपं

मराठीत हा मिस कॉल गावागणिक वेगळा वाजतो. नागपुरात “काय करून राहिला बे?”, मराठवाड्यात “काय करायलास?”, खान्देशात अहिराणीत “काय करी ऱ्हायना भो?”, कोल्हापुरात “काय चाललंय भावा?”, मालवणात “काय रे, खंय चललंस?” वारकऱ्याला वारकरी भेटला की “रामकृष्ण हरी”, महानुभावांमध्ये “दंडवत प्रणाम”, गोंड समाजात “जय सेवा”, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात “जय गुरु”. विदर्भातल्या एखाद्या एसटी स्टँडवर अर्धा तास बसलं तर यातले बरेचसे कानावर पडतात.

नागपूरच्या बोलण्यात हिंदीची सरमिसळ आहे, आणि तिच्यामागं इतिहास आहे. १८६१ पासून १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्यप्रांताची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरी, बाजार, शाळा या सगळ्यांत दोन्ही भाषा शेजारी शेजारी वाढल्या. ‘करून राहिला’ हे रूप हिंदीच्या ‘कर रहा’शी जुळतं. “हो जी”, “काय जी” मधला ‘जी’ आणि मित्राला लावलेला ‘बे’ही दोन्ही भाषांत सारखेच वावरतात.

या ‘बे’बद्दल बाहेरच्यांचा फार गैरसमज होतो. पुण्यात कोणी “काय बे” म्हटलं तर कॉलर धरली जाईल. आमच्याकडं बरोबरीच्या, रोजच्या मित्राला ‘बे’ लावला नाही, तर “नाराज हायस काय?” असं तोच विचारतो. मात्र तो मोठ्यांना लावत नाहीत, आणि अनोळखी माणसाला लावला की भांडणाची सुरुवात होते.

दिसतंय तेच का विचारायचं?

नागपुरी विचारपुशीचा एक नियम मला फार उशिरा, पुण्याहून परत आल्यावर कळला. आम्ही बहुतेक वेळा दिसत असलेली गोष्टच विचारतो. हातात पिशवी आहे, तर “बाजारात का?” केस ओले आहेत, तर “आंघोळ झाली का?” माणूस कुलूप लावतो आहे, तर “निघाले का?” एप्रिलमध्ये अंगणात कूलर उतरवून ठेवलेला दिसतो आणि तरी प्रत्येक जाणारा विचारतो, “काय, कूलर काढला का?” मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला, पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, की “काय तापून राहिलं बाप्पा!” हे म्हणायला ओळखीचीही गरज उरत नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवालाही ते म्हणतो आणि आपण “हाव ना” म्हणतो.

उत्तर समोर दिसत असताना विचारलं, म्हणजे समोरच्याला काही उघड करावं लागत नाही. “हाव” म्हटलं की झालं. त्याच्या खासगी गोष्टीला हात न लावता त्याच्याशी चार शब्द बोलण्याची ही युक्ती आहे, आणि मला ती फार शहाणी वाटते.

याला जोडूनच एक जुना संकेत आहे. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं’ असं विचारू नये, काम होत नाही, असं आपल्या आज्या सांगायच्या. त्याऐवजी “लांब निघालात का?” असं विचारायचं. यातली शुभ-अशुभाची समजूत बाजूला ठेवली तरी सोय लक्षात येते. ‘कुठं’ला गावाचं नाव सांगावं लागतं, ‘लांब का?’ला मान हलवली तरी चालते. आज नागपुरात “कुठं चालली वं?” सर्रास विचारतात, पण त्याचं ठरलेलं उत्तरही तसंच मोघम आहे: “इथंच, जरा बर्डीवर.” सीताबर्डीवर कुठल्या दुकानात, कशासाठी, हे कोणी सांगत नाही आणि कोणी अपेक्षाही ठेवत नाही.

जगात इतरत्रही हेच दिसतं. इंडोनेशियात रस्त्यावर भेटलेला माणूस “कुठं चाललात?” असंच विचारतो, चीनमध्ये “जेवलात का?” हा जुना अभिवादनाचा प्रकार आहे. कोल्हापूरच्या “जेवलास काय?”ला जसं ताट वाढलेलं नसतं, तसंच तिथंही.

मग पुणेकर माणूसघाणे असतात का?

नाही. हे मी तिथं बरीच वर्षं राहून सांगते.

पेनेलोप ब्राऊन आणि स्टीफन लेविन्सन या अभ्यासकांनी तमिळ, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि इंग्रजी या तीन भाषांच्या आधारे १९७८ मध्ये एक मांडणी केली. सभ्यपणा दोन तऱ्हांनी दाखवता येतो, असं ती सांगते. एक तऱ्हा जवळ जाण्याची: तू माझा आहेस, म्हणून विचारतो. दुसरी अंतर राखण्याची: तुझा वेळ तुझा आहे, म्हणून विचारत नाही. दोन्ही आदरच आहेत. पाहुण्याला आग्रह करकरून वाढणारं घर आणि “संकोच करू नका, हवं ते घ्या” म्हणून भांडी समोर ठेवणारं घर, दोघांनाही पाहुणा पोटभर जेवावा असंच वाटत असतं. आग्रहाची सवय असलेला पाहुणा दुसऱ्या घरून मात्र उपाशी उठतो.

अनोळखी माणसांत ही दुसरी तऱ्हा कशी चालते, याचं वर्णन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये केलं. अनोळखी माणसाकडं क्षणभर पाहायचं, तो आहे याची दखल घ्यायची आणि लगेच नजर काढून घ्यायची. मुंबईच्या लोकलमध्ये हेच चालतं. एका डब्यात इतकी माणसं अंगाला अंग लावून उभी असताना प्रत्येकाला “कुठं चाललात?” विचारलं तर श्वास घ्यायला जागा उरणार नाही. तिथं गप्प राहणं म्हणजे एकमेकांना दिलेली थोडी मोकळीक असते. आणि त्याच लोकलमध्ये वर्षानुवर्षं एकच गाडी पकडणाऱ्या लोकांचे ग्रुप असतात, ते एकमेकांचे वाढदिवस करतात.

म्हणजे फरक पाण्यात किंवा रक्तात नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणार आहेत का, यावर बरंच काही ठरतं. सक्करदऱ्यातला शेजारी सकाळी दुधाला, दुपारी दळणाला आणि संध्याकाळी भाजीला भेटतो. त्याच्याशी नातं रोज झाडून-पुसून ठेवावं लागतं. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत वाढलेले लोकही हेच सांगतात. उलट नागपुरातच बेसा, मनीषनगरकडच्या नव्या उंच इमारतींत जा. लिफ्टमध्ये माणसं मोबाईलकडं पाहत उभी असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या डब्यातही मला हेच दिसतं. जे सहप्रवासी ऑटोमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसले असते तर बोलले असते, ते इथं गप्प असतात.

पण हा भोचकपणा नाही का?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कधी कधी तो खरा असतो. मराठीनं त्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत: विचारपूस आणि चौकशी. विचारपूस तुमच्यासाठी असते, चौकशी विचारणाऱ्यासाठी.

ओळखायचं कसं? पहिल्या प्रश्नावरून नाही ओळखता येत, दुसऱ्यावरून येतं. “कुठं चालली?” “इथंच, जरा बर्डीवर.” “बरं बरं, ऊन लागू देऊ नको.” ही विचारपूस. “इथंच म्हणजे कुठं? कोणासोबत? परत कधी येशील?” ही चौकशी. मोघम उत्तर समोरच्यानं आनंदानं स्वीकारलं, की समजावं त्याला उत्तर नकोच होतं.

गल्लीत वाढलेल्या मुलींना हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. माझ्या भावाला “कुठं चालला बे?” असं विचारून लोक पुढं जायचे. मला विचारून थांबायचे. त्याच शब्दांनी त्याला जवळ घेतलं जायचं आणि माझ्यावर नजर ठेवली जायची. जुन्या वस्तीच्या मायेबद्दल भरभरून बोलताना हे विसरणं मला मान्य नाही. कित्येक मुलींना मोठ्या शहरातलं ते न विचारणं पहिल्यांदा मोकळा श्वास देतं, आणि तेही तितकंच खरं आहे.

दुसरी चौकशी याहून कडू असते. “गाव कोणतं तुमचं?” इथपर्यंत ठीक. मग “आडनाव काय?” आणि आडनावावरून अंदाज आला नाही तर “म्हणजे तुम्ही कोणते?” भाड्यानं खोली शोधणाऱ्याला हा जिना पायरी-पायरीनं चढावा लागतो. आवाज गोड असतो, चहाही समोर असतो, पण ती जातीची चौकशी असते.

अभिवादन खरंच रिकामं असतं का?

मालिनोव्स्कींच्या मांडणीत अशा शब्दांच्या अर्थाला फारसं महत्त्व नाही. “काय म्हणते”पुरतं ते बरोबर आहे. पण नागपुरात राहणाऱ्याला ही मांडणी अपुरी वाटते, कारण आमच्याकडं “जय भीम” आहे.

जुन्या गावगाड्यात अभिवादन वरून खाली आणि खालून वर सारखं जात नसे. महार समाजातल्या माणसानं वरच्या जातीच्या माणसाला “जोहार मायबाप” म्हणायचं, आणि समोरच्यानं उलट जोहार म्हणण्याची रीत नव्हती. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे, हे दिवसातून दहा वेळा तोंडानं म्हणवून घेतलं जायचं. ‘अस्पृश्य’ ठरवलेल्यांसाठी अभिवादन कधीच निरर्थक गप्पा नव्हतं.

नागपूरला लागूनच कामठी आहे. तिथले बाबू हरदास एल. एन. (जन्म १९०४) हे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतले तरुण कार्यकर्ते. १९३७ च्या निवडणुकीत ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत गेले. “जय भीम” हे अभिवादन म्हणून रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. सलामला सलामनंच उत्तर देण्याची मुसलमानांची रीत पाहून आपलंही असं काही असावं, असं त्यांच्या मनात आलं असं सांगतात. “जय भीम”ला आधी “बल भीम” असं उत्तर ठरलं होतं, पुढं दोन्हीकडून “जय भीम”च रूढ झालं, असंही सांगितलं जातं.

या शेवटच्या बदलाकडं नीट पाहावं. म्हणणारा आणि उत्तर देणारा, दोघांचा शब्द एक. कलेक्टर असो की सफाई कामगार, “जय भीम”चं उत्तर “जय भीम”. जोहारमध्ये जी पायरी होती ती इथं व्याकरणातच उरली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. आजही दसऱ्याला दीक्षाभूमीवर दूरदूरच्या गावांहून माणसं येतात. रात्रीच्या गाडीतून उतरलेली म्हातारी फुटपाथवर जागा शोधत असते, आधीच बसलेलं कुटुंब सरकतं, दोन्हीकडून “जय भीम” होतं, आणि लगेच भाकरीचं गाठोडं उघडतं. नाव-गाव नंतर. हाही मिस कॉलच आहे, पण त्याच्या दोन रिंगांमागं मोठा लढा आहे. म्हणूनच “जय भीम”ला कोणी मुद्दाम “नमस्कार” म्हणून उत्तर दिलं, तर ऐकणाऱ्याला ते बरोबर ऐकू येतं.

‘जोहार’ची गोष्टही इथंच संपत नाही. आज अनेक आदिवासी समाजांत तोच शब्द दोन्हीकडून, अभिमानानं म्हटला जातो. आणि अभिवादनाला वजन असतं हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असा शासन निर्णय निघाला आणि त्या मोहिमेची सुरुवात शेजारच्या वर्ध्यातून झाली. त्यावर बाजूनं आणि विरोधात भरपूर बोललं गेलं. शब्द रिकामा असता तर एवढं झालं नसतं.

यात वेळ वाया जात नाही का?

अमेरिकेत शिकागोला निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोजच्या प्रवाशांवर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावं लागलं तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. जे खरोखर बोलले, त्यांना मात्र तो जास्त बरा गेला. त्याच वर्षी गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या अभ्यासात आढळलं, की ज्या दिवशी माणूस जुजबी ओळखीच्या लोकांशी जास्त बोलतो, त्या दिवशी त्याला अधिक बरं वाटतं. माझ्या बाबांना निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ते रोज अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लावतात, आणि त्यातला एक तास तर्री-पोह्याच्या ठेल्याजवळ जातो. पोहे ते खात नाहीत.

निरोप इतका का लांबतो?

बोलणं सुरू करण्यापेक्षा संपवणं कठीण असतं. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की माणसं बोलणं एकदम तोडत नाहीत. आधी “आता संपवू या” अशी सूचना देतात, दुसऱ्याला राहिलेलं बोलायची संधी देतात, आणि मगच निरोप घेतात. नागपुरात ती सूचना म्हणजे “चाल मंग”. ते एकदा म्हटलं की कोणी निघत नाही. फाटकापाशी अजून दोन विषय होतात, मग पुन्हा “चाल मंग”. पुण्याच्या मैत्रिणीला माझ्या आईकडं जेवायला आणलं होतं. पहिल्या “चाल मंग”ला ती चप्पल घालून रस्त्यावर पोहोचली, आणि आई दारात लोणच्याची बरणी घेऊन उभी.

शेवटचे शब्दही ठरलेले. जाणारा “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. हे सगळ्या महाराष्ट्रात आहे. त्यावर आमच्याकडं राहणारा म्हणतो, “येजो.” करजो, सांगजो, देजो अशी आज्ञेची रूपं नागपुरी-वऱ्हाडीत आहेत, लगेच नाही, पुढं कधीतरी कर, असा त्यांचा अर्थ. “काकूले सांगजो”, म्हणजे काकू भेटतील तेव्हा. नवख्यांना यातलं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: नुसतं “येजो” म्हटलं तर तो निरोप. “रविवारी येजो” म्हटलं तर मात्र जावं लागतं, कारण त्या घरी शनिवारी रात्रीच तुमच्या नावानं डाळ भिजत पडलेली असते.